साकवाची डागडुजी

रविवार, २४ नोव्हेंबर १९७४. सकाळी सव्वानऊ.

आजपासून नवं आयुष्य. हे वाक्य या वहीत ऑगस्टातही आहे आणि दसऱ्यालाही. पण तेव्हा नुसता जोश होता. आज कारण आहे.

आबांचं इन्स्पेक्शन झालं. पलटणीतून सुभेदार म्हणून रिटायर होऊन सात वर्षं झाली, तरी रविवारी मळ्यात फेरी मारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. विहिरीच्या पायऱ्यांना शेवाळ, गोठ्यापुढची फरशी उखडलेली, माळ्याची शिडी डुगडुगती, आणि ओढ्यावरचा साकव डेंजर. ऑर्डर सुटली आमच्या गड्याला, कोंडीबाला. "आधी साकव. पंधरा दिवसांत." नजर मात्र माझ्यावर. म्हणजे, कॉलेज अर्धवट टाकून आलेला पोरगा घरात बसून काय करतो?

सांगलीचं कॉलेज मी टाकलेलं नाही. प्रोफेसरांच्या टेबलावर जर्नल आपटलं. दोन्हींत फरक आहे.

सकाळी साडेदहा. कोंडीबाला गोठ्यात गाठून सांगितलं, साकव मी करणार. एकटा. आबांना बोलायचं नाही, पुरा झाल्यावर दाखवायचा. शब्द दे. त्यानं दिला. मी म्हणालो, जीप जाईल असा करतो. तो म्हणाला, "जीप कशाला जातीया हितनं? मानसं गेली तरी बास."

एकोणीस वर्षं आमच्याकडे आहे, त्यामुळे बोलतो.

दुपारी. कारण लिहायचं राहिलं. साकव म्हणजे ओढ्यात रोवलेल्या मेढी, म्हणजे खांब, त्यांवर बाभळीचे दोन ओंडके, वर फळ्या, एका अंगाला बांबूचा कठडा. वस्तीवरून एसटीच्या रस्त्याला जायला हीच जवळची वाट. शेजारी शाळेचे हेडमास्तर विष्णुपंत गुरुजी राहतात. मूळचे वाईचे. त्यांची मुलगी चारुशीला कऱ्हाडला डी.एड. करते. सकाळी सात चाळीसची गाडी. रोज साकवावरून जाते.

बास. एवढंच कारण.

मंगळवार, २६ नोव्हेंबर.

टाइमटेबल केलं. आज शेवाळ. उद्या खिळे. परवा कुजक्या फळ्या बदलणे. तेरवा वाळवीचा बंदोबस्त. टाइमटेबलाला लाल शाईनं चौकट काढली. चौकट फार छान आली. त्यात दुपार गेली.

बुधवार, २७ नोव्हेंबर.

काम सुरू करायला सकाळी सात पंचवीसला साकवावर हजर. पण ती गाडीकडे चालली होती, तेव्हा स्टॉपपर्यंत सोबत गेलो, वीस पावलं मागून. कंडक्टर तिला म्हणाला, "ओ ताई, सरका पुढं." हा काय टोन झाला? मी गाडीच्या दारात उभा राहिलो आणि त्याला माफी मागायला सांगितलं. त्यानं मागितली नाही. ड्रायव्हर खाली उतरला. मीही बाह्या वर केल्या. शेवटी चारुशीला खिडकीतून म्हणाली, "हंबीरराव, माझा पहिला तास चुकेल हो."

तिला माझं नाव माहीत आहे!

शुक्रवार, २९ नोव्हेंबर. सकाळी आठ.

विटेचा चुरा, राख आणि नारळाची शेंडी घेऊन दोन फळ्यांचं शेवाळ घासलं. एकूण फळ्या चौदा. हाताला फोड. तेवढ्यात ती आली. थांबली. म्हणाली, "साकव दुरुस्त करताय? बरं झालं. बाबांची सायकल इथं घसरते. सोमवारी शाळा उघडते आहे."

तिसऱ्या फळीला हात लावलाच नाही. तिनं उभं राहून बघितलेली जागा आहे ती.

शनिवार, ३० नोव्हेंबर.

कोंडीबानं पाण्याच्या इंजिनचं जळकं तेल डबाभर काढून आणून दिलं. ते लावलं की लाकडाला वाळवी लागत नाही. त्याच्या सूचना न विचारता मिळाल्या. "धाकलं मालक, मेढींना लावा, खालनं ओंडक्यास्नी लावा. वर जितं पाय पडतोय तितं येक थेंब नगं. आन् काम हाय तवर दोनी तोंडाला बाभळीची फांदी आडवी टाका. मानूस काटा बगून फिरतंय."

त्याला म्हणालो, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत केमिस्ट्री शिकलोय. तो म्हणाला, "व्हय, पर त्याला काय पाय घसरत्यात?"

मूर्खपणाला उत्तर देत नाही मी.

रविवार, १ डिसेंबर. संध्याकाळी साडेपाच.

आबा साताऱ्याला माजी सैनिकांच्या मीटिंगला. इन्स्पेक्शन नाही. ओढ्यात उतरून मेढींना तेल लावत बसलो तर दिसणार कुणाला? खालची बाजू मासे बघणार. म्हणून वरून सुरुवात केली. चौदाच्या चौदा फळ्या. दोन हात. शेवाळ, बुरशी, डाग, सगळं झाकलं गेलं. उन्हात असा चमकतोय की जणू शोरूममधली काळी अॅम्बॅसेडर. खिळे आणि कुजक्या फळ्या पुढच्या आठवड्यात. आता दिसतही नाहीत.

फांद्या टाकल्या नाहीत. विचारपूर्वक. फांदी टाकली तर चारुशीलाला सकाळी बांधावरून, ओल्या उसातून अर्धा मैल फिरून जावं लागेल. पातळाची वाट लागेल. मी हे होऊ देणार नाही. रात्रीत तेल लाकडात मुरेलच.

आज मनाला जे समाधान आहे ते सांगलीत एकदाही नव्हतं.

सोमवार, २ डिसेंबर. दुपारी दोन.

गुरुजी पडले.

सकाळी सात. वर दव पडलेलं. सायकल हातात धरून निघाले होते, तिसऱ्या फळीवर दोन्ही पाय एकदम गेले. सायकल ओढ्यात, गुरुजी ओंडक्यावर आपटून खाली. उजव्या पायाची नळी मोडली. बैलगाडीतून रस्त्याला, तिथून जीपनं कऱ्हाडला. चारुशीला गाडीत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघण्याचं कारणही नव्हतं म्हणा.

आबा पहाटेच्या गाडीनं आले होते. फळीवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. विचारलं, "पायाखाली तेल कुणी फासलं?"

कोंडीबानं माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत होतो. अंगठा नीटच होता.

मग कोंडीबा म्हणाला, "काम माज्याकडं दिलं हुतं, मालक."

एवढंच. यात खोटं काही नव्हतं.

आबा म्हणाले, उद्यापासून मळ्यात पाय ठेवायचा नाही. कोंडीबानं डोक्याचा पटका सोडला, परत बांधला आणि निघून गेला. मी बोलणारच होतो. तोंड उघडलंही होतं. पण आबांच्या कपाळावरची शीर उडत होती, आणि डॉक्टरांनी त्यांचं ब्लडप्रेशर सांभाळायला सांगितलंय. त्या क्षणी बोलणं म्हणजे बापाच्या जिवाशी खेळणं.

उद्या बोलतो.

मंगळवार, ३ डिसेंबर.

आज दोन्ही तोंडांना बाभळीच्या फांद्या टाकल्या. चांगल्या काटेरी. सोडा आणि राख घेऊन चौदा फळ्या घासल्या. तीन तास. काम मन लावून केलं की माणसाला हलकं वाटतं म्हणतात.

आबांना सांगायला ओसरीवर गेलो. ते पेपर वाचत होते. पेपर वाचताना त्यांना व्यत्यय आवडत नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर.

गुरुजींना घरी आणलं. मांडीपर्यंत प्लास्टर. मी दोन शेर दूध आणि डझनभर केळी घेऊन गेलो. रोज जाणार. गुरुजी म्हणाले, असे शेजारी मिळायला भाग्य लागतं. चारुशीला म्हणाली, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही परगावी राहू शकतो.

त्यानंतर चहा घशाखाली जाईना. दोन कप घेतला.

रविवार, ८ डिसेंबर.

इन्स्पेक्शन. कोंडीबाचं सगळं काम माझ्यावर. कपिली गाय मला बघून पान्हा चोरते. आज तिनं लाथ मारली, बादली गेली, गुडघा गेला. आबा म्हणाले, "ती माणूस ओळखते." काय अर्थानं म्हणाले कळलं नाही. रागानं बादली भिंतीवर आपटली. बादलीला पोचा आला.

इन्स्पेक्शननंतर सांगायचं पक्कं होतं. पण गुडघा सुजला होता. उभं राहून सांगण्याची गोष्ट आहे ती. बसून सांगितलं तर अपमान वाटला असता त्यांना.

बुधवार, ११ डिसेंबर. गिरणीवरून आल्यावर.

दळण टाकायला गेलो तर पुढं रंगूबाई. कोंडीबाची बायको. मी मागच्या मागं फिरणार, तर तिनं भर गिरणीत हाक मारली. "काय धाकलं मालक, लय वाळलासा! दूध रोज शेजारी जातंय म्हनं तुमचं. घरात पुरंना व्हय?"

बायका हसल्या. मी विचारलं, कोंडीबा कसा आहे? मलकापूरच्या वीटभट्टीवर जातो म्हणाली. जाऊन-येऊन चालत. पाठ धरलीय. मग आवाज खाली आणून म्हणाली, "धनी तसं न्हाईत करायचं. मी इचारलं. दा येळा इचारलं. म्हंत्यात, शबुद दिलाय. कुनाला दिलाय, त्ये सांगंनात."

माझ्याकडे बघत होती. पापणी हलवत नव्हती. दळण तिथंच राहिलं. आईनं विचारलं तर गिरणीचा पट्टा तुटला म्हणालो. मग आई शेजारणीला विचारून आली. आता आई पण बघते.

शनिवार, १४ डिसेंबर.

तोंडी सांगणं माझ्या स्वभावात बसत नाही. मी लिहिणारा माणूस. आबांना सविस्तर पत्र लिहायला घेतलं. चार पानं झाली. वाचून बघितलं तर तेल दुसऱ्या पानावर एका ओळीत होतं, बाकी चारुशीलाचे डोळे. आबांना त्याचा काय उपयोग? फाडलं.

बुधवार, १८ डिसेंबर.

मलकापूरला गेलो. हे धाडसच म्हणायचं. कोंडीबा डोक्यावर बारा विटा घेऊन चालला होता. मला बघून उतरवल्या. "कपिली दूध देतीया का?" हा पहिला प्रश्न. म्हणालो, देते की. देत नाही. त्यानं माझ्या गुडघ्याकडे बघितलं, हसला. "डाव्या अंगानं बसा. उजवीकडनं बसलं की मारती ती."

भाकरी सोडली, अर्धी मला दिली. मी खाल्ली. काय करणार, नाही म्हटलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं. सांगितलं, कोंडीबा, मी आबांशी बोलणार आहे. लवकरच. योग्य वेळ बघून. तो म्हणाला, "बोला की. मी कुटं धरलंय तुमास्नी?"

येताना हलकं वाटलं. निम्मं काम झाल्यासारखंच आहे. ज्याचं नुकसान झालं त्याला तर सांगून झालं.

रविवार, २२ डिसेंबर.

दूध द्यायला गेलो तर गुरुजींनी बसवून घेतलं. म्हणाले, हंबीरराव, पडून पडून मी विचार करतो आहे. हे कोंडीबाचं काम नाही. अडाणी माणूस पायाखाली तेल लावत नाही. हे कुणातरी शिकलेल्याचं डोकं आहे.

मी हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. बाकी कुणी हसतच नव्हतं.

दारापर्यंत चारुशीला आली. म्हणाली, तुम्ही आबासाहेबांना कोंडीबांबद्दल सांगाल का? तुमचं ते ऐकतील. आईची शपथ घेऊन हो म्हणालो. ती म्हणाली, "मला माहीत होतं, तुम्ही नाही म्हणणार नाही." चार महिने मी या वाक्याची वाट बघत होतो. कानात कुणी शिसं ओतल्यासारखं झालं.

रविवार, २९ डिसेंबर. सकाळी दहा.

बोललो! इन्स्पेक्शनच्या मधेच. आबा, कोंडीबाला परत घ्या.

आबा म्हणाले, चूक सगळ्यांची होते, पण 'चुकलो' म्हणायला छाती लागते. त्यानं एकदा म्हटलं असतं तर मी विसरलो असतो. ज्याला ते म्हणता येत नाही तो माणूस मला मळ्यावर नको.

हे सगळं माझ्या डोळ्यांत बघून. मला काय झालं कळलं नाही. ओरडलो. तुम्ही मिलिटरीवाले, तुम्हाला माणसाची किंमत नाही, नुसती ऑर्डर कळते. शिडीला लाथ मारली. डुगडुगती होतीच, ती पडली. जेवलो नाही.

नोंद करून ठेवतो. आज मी कोंडीबासाठी सख्ख्या बापाशी भांडलो. याहून जास्त कोण करतं?

बुधवार, १ जानेवारी १९७५.

संकल्प: या वर्षात सांगणार. (खोडलं.) या महिन्यात. (खोडलं.) या आठवड्यात.

रविवार, ५ जानेवारी.

आठवडा रविवारी संपतो की शनिवारी? कॅलेंडरात रविवार पहिला छापतात. म्हणजे आज नवा आठवडा.

सोमवार, ६ जानेवारी. सकाळी साडेनऊ.

तिला सांगितलं.

आबांच्या आधी तिला, हा माझा विचार होता. रिहर्सल होते, शिवाय ती समजून घेणारी आहे. प्रामाणिकपणा बघून तिचे डोळे भरून येतील असंही वाटलं होतं. तिच्या अंगणात दुधाचं भांडं हातात धरून सगळं म्हणालो. तेल मी लावलं. वरून लावलं. फांदी टाकली नाही, कारण तुम्हाला फिरून जावं लागलं असतं. हे कारण मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

तिनं विचारलं, कोंडीबा सध्या कुठं आहेत?

म्हणालो, मलकापूरला, वीटभट्टीवर. विटा वाहतो. पाठ धरलीय त्याची.

"म्हणजे हेही तुम्हाला माहीत होतं."

मी म्हणालो, त्याला भेटलोसुद्धा. त्याची भाकरी... आणि थांबलो.

ती म्हणाली, आज संध्याकाळपर्यंत आबासाहेबांना सांगा. नाहीतर मी येऊन सांगते. "आणि उद्यापासून दूध नको."

डोळे भरले नाहीत. माझे भरले, पण तोवर ती आत गेली होती.

त्याच दिवशी. संध्याकाळी सहा.

आबा गोठ्यात होते. सांगितलं. बसून नाही, उभं राहून. तीन वाक्यांत झालं. पस्तीस दिवस लागले, तीन वाक्यं.

मारतील म्हणून गाल तयार ठेवला होता. मारलं नाही. टोपी घातली, काठी घेतली, म्हणाले, चल. कोंडीबाच्या घरापर्यंत ते पुढं. मी दोन पावलं मागं. कोंडीबा नुकताच भट्टीवरून येऊन पाय धूत होता. आबा त्याच्यासमोर पलटणीत उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. म्हणाले, "कोंडीबा, मी चुकलो. तुला न विचारता शिक्षा केली."

आबांच्या तोंडून हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. माझ्यामुळे. कोंडीबा ओशाळून ओल्या पायांनीच पुढं आला. "आवं मालक, आसं काय बोलताय. बसा, बसा की."

रंगूबाईनं आबांना चहा दिला. मला दिला नाही. बरोबर आहे. तरी मी कपाकडे बघितलं.

मी म्हणालो, कोंडीबा, चुकलो. तो म्हणाला, "व्हय." मला वाटलं होतं, 'जाऊ दे' म्हणेल.

मग आबांना म्हणाला, उद्यापासून येतो. पण साकवाला धाकल्या मालकांनी हात लावायचा नाही. मी म्हणालो, असं कसं? मला प्रायश्चित्त घ्यायचंय. तो साकव मी माझ्या हातानं नवा बांधणार. मनात सगळा प्लॅन तयार आहे. कोंडीबा आबांकडे बघून म्हणाला, "त्येच्यासाठीच म्हनतोय."

रविवार, १२ जानेवारी.

कोंडीबा आठवडाभर साकवावर. सात कुजक्या फळ्या निघाल्या. सात! नव्या बसल्या. तेल मेढींना आणि ओंडक्यांच्या पोटाला, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून. वर हातभर अंतरावर आडव्या पट्ट्या ठोकल्या, पाय अडकायला. कठडा दोन्ही अंगाला. काम चालू असेपर्यंत फांद्या. सगळी वस्ती बांधावरून फिरून गेली, चारुशीलासुद्धा. कुणी कुरकुरलं नाही. पातळाचंही काही झालं नाही.

मी काठावर बसून खिळे देत होतो. वाकडा खिळा दिला तर तो न बोलता परत देई. आज एकूण नऊ परत आले.

कपिलीनं त्याला साडेतीन शेर दूध दिलं.

सोमवार, २० जानेवारी. सकाळी आठ.

गुरुजींचं प्लास्टर निघालं. आज काठी घेऊन पहिल्यांदा शाळेत. मी साडेसहापासून साकवाच्या अलीकडच्या तोंडाला उभा होतो. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. बांधायला नाही तर नाही, माणसं पार करायला कुणी अडवलं नव्हतं. गुरुजींना धरून न्यायचं, मग मागून ती येईल, तिलाही हात द्यायचा, आणि काही न बोलता सगळं बोलायचं. काल दुपारभर हे ठरवलं होतं.

सात दहाला दोघं आले, सायकल तिच्या हातात. मी पुढं होऊन हात केला. गुरुजी थांबले. हसले, चांगलं हसले, राग नव्हता. म्हणाले, "राहू दे, हंबीरराव." आणि काठीवर भार देऊन तिथंच उभे राहिले. मी हात तसाच ठेवला. चारुशीलानं पलीकडच्या काठावर बघून हाक मारली, "कोंडीबा, जरा येता का? बाबांना घ्यायचंय."

तो विळा टाकून आला. धोतराला हात पुसले. गुरुजींना दंडाला धरून पलीकडे नेलं, एकेक पट्टी दाखवत. मग परत आला. सायकल नेली. मग पुन्हा परत आला. साकव आता इतका पक्का आहे की तिला कुणाच्या हाताची गरज नव्हती. तरी तिनं त्याचा हात धरला.

पण तोवर हात तसाच पुढं करून मी साकवाच्या तोंडाशी मधोमध आलो होतो, त्याला पुढं पाय टाकता येईना. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "धाकलं मालक, जरा सरका. वाटंत हुबा हायसा."

सरकलो.